दगडातील सूक्ष्मजीव आणि रंगाची साक्ष

वाशीम जिल्ह्यात विहीर खणणाऱ्यास भूगर्भाचे ज्ञान पुस्तकातून मिळवावे लागत नाही. काळी माती संपली की मुरूम लागतो, मुरुमाखाली छिद्रांचा ठिसूळ दगड आणि त्याखाली सुरुंगावाचून न हटणारा काळा पाषाण. काही ठिकाणी दोन काळ्या थरांच्या मध्ये गेरूसारखा तांबडा पट्टा लागतो. विदर्भाच्या काही भागांत, त्याहूनही क्वचित, राखी किंवा पिवळसर रंगाचा, काचेसारखा धारदार फुटणारा दगड वर येतो. पाण्याच्या दृष्टीने त्याचा उपयोग नसल्याने तो ढिगाऱ्यावर पडतो आणि कालांतराने बांधाच्या पायात किंवा रस्त्याच्या खडीत जातो. प्रस्तुत लेखाचा विषय आहे हा टाकून दिला जाणारा दगड, आणि त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव दडलेले आहेत की नाहीत हे ठरविण्याची रीत.

काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून लाव्हारसाचे लोट एकामागून एक बाहेर पडले आणि थिजले. त्यांनाच दक्षिण ट्रॅप असे म्हणतात. वितळलेल्या रसात जीव टिकणे शक्य नाही, तेव्हा बेसाल्टमध्ये त्या काळच्या जीवांचे अवशेष शोधणे व्यर्थ होय. परंतु दोन लोटांच्या मध्ये कधी कधी हजारो वर्षांचा विराम पडे. त्या विरामात थिजलेल्या खडकावर माती तयार होई, खोलगट जागी तळी साचत, काठांवर झाडे वाढत, पाण्यात शेवाळ व गोगलगायी नांदत. पुढचा लोट आला की हे सारे त्याच्याखाली गाडले जाई. या गाडल्या गेलेल्या थरांना भूशास्त्रज्ञ अंतरा-ट्रॅपी थर म्हणतात. तांबडा पट्टा बहुधा त्या काळची माती असते, आणि काचेसारखा फुटणारा चर्ट नावाचा दगड त्या तळ्यांच्या गाळापासून बनलेला असतो. तळ्याच्या पाण्यात विरघळलेली सिलिका वनस्पतींच्या पेशींत, त्या कुजण्यापूर्वीच, शिरली आणि तेथेच घट्ट झाली. म्हणून चर्टमध्ये पेशींच्या भिंतीसुद्धा जागच्या जागी सापडतात.

विदर्भाला हा विषय नवा नाही. नागपूरजवळील टाकळीच्या परिसरातून स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोन मिशनऱ्यांनी फळे, बिया, शंख व कीटकांचे अवशेष गोळा केले आणि १८५५ मध्ये नागपूर परिसराच्या भूरचनेवरील त्यांचा निबंध लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेने प्रसिद्ध केला. पुढे १९३७ मध्ये बिरबल साहनी व के. पी. रोडे यांनी छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथील चर्टमधील वनस्पतींचे वर्णन केले. तेव्हा वाशीम आणि छिंदवाडा हे दोन्ही भाग मध्यप्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतात होते. मोहगावच्याच दगडांवर नागपूरला दीर्घ काळ काम करणाऱ्या डॉ. श्यामला चितळे यांनी फुलाफळांबरोबरच त्यांतील बुरशीच्या अवशेषांकडेही लक्ष दिले. त्या पुढे अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या निसर्गेतिहास संग्रहालयात पुरावनस्पती विभागाच्या प्रमुख झाल्या. आपल्याकडील विद्यार्थ्यांना हे नाव फारसे परिचित नाही, ही खेदाची गोष्ट म्हटली पाहिजे.

पिजदुऱ्याची साक्ष

सूक्ष्म अवशेषांचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळच्या पिजदुरा या गावचे आहे. शास्त्रीय लेखनात त्याचा उल्लेख पिसदुरा असाही आढळतो. येथील थर लाव्हाच्या लोटांखालचे, लॅमेटा या नावाने ओळखले जाणारे आहेत. येथील शेतांत गोलसर, लांबट, कधी वळ्या पडलेले दगड विखुरलेले आढळतात. हे दगड म्हणजे प्राचीन प्राण्यांची शिळारूप झालेली विष्ठा होय. सी. ए. मॅटली यांनी १९३९ मध्ये त्यांचे प्रकार पाडून वर्णन केले होते. मोठ्या आकाराची विष्ठा ही टायटॅनोसॉर या प्रचंड, शाकाहारी डायनोसॉरांची असावी असे मानले जाते.

या विष्ठेत काय आहे, हे सांगण्यास मात्र सूक्ष्मदर्शकच हवा होता. २००४ मध्ये लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील संशोधकांनी तीत कोलेटोट्रायकम, एरिसाइफी, अनसिन्यूला यांसारख्या पानांवर वाढणाऱ्या बुरशींचे अवशेष असल्याचे प्रसिद्ध केले. ही नावे परकी वाटली तरी रोग परके नाहीत. कोलेटोट्रायकम गटातील बुरशी आज वाशीमच्या सोयाबीनच्या शेंगांवर करपा आणते आणि एरिसाइफी म्हणजे पानांवर पांढरी भुकटी पसरविणाऱ्या भुरीचे कुळ. अशी बुरशी पोटात गेली ती पानांबरोबर, तेव्हा तो प्राणी झाडांची पाने खात होता असे अनुमान निघते. दुसऱ्याच वर्षी, २००५ मध्ये, वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन व अशोक साहनी यांनी याच विष्ठेतून गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकेचे सूक्ष्म कण वेगळे केले. गवतांचा उदय डायनोसॉर नष्ट झाल्यानंतर झाला ही तोवरची प्रचलित समजूत होती. पिजदुऱ्याच्या दगडाने ती बदलली.

या दोन शोधांमागील रासायनिक विवेक लक्षात घेण्याजोगा आहे. बुरशीची बीजुके व परागकण हे सेंद्रिय द्रव्याचे असतात. त्यांना मोकळे करण्यासाठी दगडातील चुनखडीचा अंश हायड्रोक्लोरिक आम्लाने आणि सिलिका हायड्रोफ्लोरिक आम्लाने विरघळविण्याची रीत आहे. जे उरते ते सेंद्रिय. परंतु गवताचे कण स्वतःच सिलिकेचे! तेथे हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरले तर ज्याचा शोध घ्यायचा तेच नाहीसे व्हायचे. म्हणून ते आम्ल वर्ज्य करून, जड द्रवात हलके कण वर तरंगतात या तत्त्वाने ते निवडावे लागतात. दगड तोच, प्रश्न बदलला की रीत बदलते.

पातळ छेद

दगड विरघळविण्याचा एक दोष आहे. अवशेष मोकळा होतो, पण तो दगडात कोठे व कसा होता ही माहिती नष्ट होते. हा दोष टाळणारी रीत म्हणजे पातळ छेद. हिरकणीच्या करवतीने दगडाची चकती कापतात, ती काचपट्टीवर चिकटवितात आणि घासत घासत तिची जाडी ०.०३ मिलिमीटर, म्हणजे ३० मायक्रॉन, इतकी कमी करतात. माणसाचा केस याच्या दुपटीहून जाड असतो. इतक्या पातळ झालेल्या दगडातून प्रकाश आरपार जातो. शिळारूप लाकडाचे असे छेद ब्रिटनमध्ये १८३० च्या सुमारास होऊ लागले आणि पुढे हेन्री सॉर्बी यांनी तीच युक्ती सर्व प्रकारच्या खडकांना लावली. थोडक्यात, आज खडकशास्त्राचा कणा असलेली ही रीत मुळात शिळारूप झाडांच्या अभ्यासातून आली.

जीवाणूची लांबी एकदोन मायक्रॉन असते. तेव्हा ३० मायक्रॉन जाडीच्या छेदात तो पूर्णपणे बुडालेला राहू शकतो. सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू हलवून दृष्टी वरून खाली नेली असता प्रथम काचेखालचा पृष्ठभाग, मग खनिजाचे कण, मग तो तंतू आणि त्याच्याही खाली पुन्हा खनिज असे क्रमाने स्पष्ट होत गेले, तर तो तंतू दगडाच्या आत आहे हे सिद्ध होते. तो केवळ पृष्ठभागावर किंवा भेगेत दिसत असेल तर संशय घेणे प्राप्त आहे. अखंड धागे पाहायचे असल्यास छेद मुद्दाम जाड ठेवतात, कारण फार पातळ केल्यास धागा कापला जाऊन त्याचे ठिपके तेवढे उरतात.

याच रीतीने कॅनडातील सुपीरियर सरोवराकाठच्या गनफ्लिंट चर्टमध्ये, लोहखनिजाचा अभ्यास करणाऱ्या स्टॅन्ली टायलर यांना १९५३ मध्ये सूक्ष्म तंतू व गोल दिसले. पुढील वर्षी त्यांनी व एल्सो बार्गहुर्न यांनी त्याची वार्ता प्रसिद्ध केली. तो चर्ट सुमारे १८८ कोटी वर्षांचा आहे. प्राणी व झाडे यांच्या कितीतरी आधी पृथ्वीवर सूक्ष्मजीवांचे राज्य होते, हे त्यानंतर कोणास नाकारता आले नाही.

रंग काय सांगतो?

शाळेत कांद्याच्या पापुद्र्यावर सॅफ्रॅनिनचा थेंब टाकून पेशी पाहिलेल्या प्रत्येकास वाटेल की दगडातील जीवाणूलाही असाच रंग देऊन पाहावे. येथेच गफलत होते. रंग पेशीतील विशिष्ट द्रव्याला चिकटतो. कोट्यवधी वर्षांत ते द्रव्य बदलून गेलेले असते, पुष्कळदा उरतो तो कोळसा झालेला कार्बन. त्याचा स्वतःचाच रंग, पिवळा ते तपकिरी ते काळा, तो अवशेष किती तापला होता हे सांगतो. मात्र आम्लाने मोकळ्या केलेल्या बीजुकांवर व परागांवर सॅफ्रॅनिन वापरण्याचा एक चांगला उपयोग आहे. निरनिराळ्या वयाचे व निरनिराळे तापलेले कण रंग निरनिराळ्या प्रमाणात घेतात. एकाच नमुन्यात काही कण गडद लाल झाले आणि काही फिकेच राहिले, तर जुन्या थरातून वाहून आलेले अथवा नंतर मिसळलेले कण त्यात असावेत, अशी शंका घेता येते.

दुसरा रंग खनिजासाठी असतो. चुनखडकाच्या छेदावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळविलेला अ‍ॅलिझरिन रेड एस लावला की कॅल्साइट लाल होते, डोलोमाइट रंग घेत नाही. त्याच्या जोडीला पोटॅशियम फेरिसायनाइड असले तर लोहयुक्त कॅल्साइट जांभळट व लोहयुक्त डोलोमाइट निळसर दिसते. जे. ए. डी. डिक्सन यांनी १९६५-६६ मध्ये या मिश्रणाची रीत व्यवस्थित बसवून दिली. अ‍ॅलिझरिन हे आपल्या मंजिष्ठेच्या कुळातील युरोपीय झाडाच्या मुळांतून काढले जाणारे, कापड रंगविण्याचे जुने द्रव्य. १८६८ मध्ये जर्मनीत ते प्रयोगशाळेत तयार झाले. आता जीवाणूंच्या शोधात याचा संबंध काय, असा प्रश्न येईल. चुनखडकाचे डोलोमाइट बहुधा नंतरच्या बदलाने होते आणि त्या बदलात मूळची नाजूक रचना पुसली जाते. रंगविलेला छेद हा एक प्रकारचा नकाशा असतो: कोठे मूळ पोत शिल्लक असण्याची शक्यता आहे आणि कोठे शोध घेण्यात वेळ दवडू नये, हे तो दाखवितो.

तिसरा रंग मात्र उलट्या कामाचा आहे आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. अ‍ॅक्रिडिन ऑरेंज किंवा डॅपी यांसारखी द्रव्ये जिवंत अथवा नुकत्या मेलेल्या पेशींतील डी.एन.ए.ला चिकटतात आणि विशिष्ट प्रकाशात चमकतात. डी.एन.ए. फार काळ टिकत नाही. आजवर वाचता आलेला सर्वांत जुना डी.एन.ए. सुमारे २० लक्ष वर्षांचा, ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतील आहे, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा साडेसहा कोटी वर्षांच्या दगडात एखादा गोल अशा रंगाने चमकला तर आनंद मानण्याचे कारण नाही. तो दगडाच्या भेगेत शिरलेला आजचा जीव होय! काही खनिजे व जुने सेंद्रिय द्रव्य रंगावाचूनही चमकतात, म्हणून न रंगविलेला तुकडा शेजारी ठेवून तुलना करावी लागते. ज्या रंगाने जीव दिसावा त्याच रंगाने ‘हा प्राचीन नव्हे’ असा निवाडा व्हावा, ही गोष्ट प्रथमदर्शनी विचित्र वाटते खरी. पण पुरावा तपासताना जे खोटे आहे ते आधी बाजूस काढणे हाच सुरक्षित मार्ग असतो. वाशीमला सापडलेल्या वाकाटक नृपती दुसरा विंध्यशक्ती याच्या ताम्रपटाचे वाचन करताना महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्यासारखे पंडित अक्षरांचे वळण, भाषा आणि राजांची वंशावळ एकमेकांशी जुळते का हे पाहत. एका खुणेवर कोणी निवाडा करीत नाही. दगडाचेही तसेच आहे.

फसविणारे दगड

जीवाश्म नसलेले पण तसे भासणारे दगड आपल्या भागात विपुल आहेत. बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार झालेल्या गारगोट्या व अकीक शेतांतून, नदीपात्रांतून सर्वत्र मिळतात. काही अकिकांत हिरवट शेवाळ अडकल्यासारखे दिसते. काही दगडांच्या फुटीवर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी असते. पाहणाऱ्यास ते झाडच वाटते आणि पुष्कळ शाळांच्या कपाटांत अशा दगडांवर ‘वनस्पतीचे जीवाश्म’ अशी चिठ्ठी लागते. वास्तविक ती लोह व मँगनीज यांच्या ऑक्साइडांची वाढ असते. दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगाने पाहिल्यास पानाच्या शिरा दिसत नाहीत, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसत नाहीत, फांद्या नुसत्या फुटत जातात.

या चुकीबद्दल शिक्षकांना दोष देण्याचे कारण नाही. मध्य प्रदेशातील भीमबेटका येथील गुहेच्या छतावर ५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या डिकिन्सोनिया या प्राण्याचा ठसा असल्याचे ग्रेगरी रीटॅलॅक व सहकाऱ्यांनी जाहीर केले आणि जगभर त्याची वार्ता झाली. २०२३ मध्ये जोसेफ मीर्ट व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की तो आग्यामोहोळाच्या जुन्या पोळ्याचा डाग होता. रीटॅलॅक यांनीही ते मान्य केले. ऑस्ट्रेलियातील सुमारे ३४६ कोटी वर्षांच्या एपेक्स चर्टमध्ये विल्यम शॉफ यांनी १९९३ मध्ये जीवाणूंचे तंतू वर्णिले. ते तंतू नसून खनिजांची रचना आहे, असा आक्षेप मार्टिन ब्रेझियर यांनी २००२ मध्ये घेतला आणि तो वाद दीर्घ काळ चालला. चित्रकूटच्या विंध्य खडकांची हकीकत याहून वेगळी. डेहराडूनच्या वाडिया संस्थेचे रफत आझमी यांनी १९९८ मध्ये तेथील सूक्ष्म अवशेषांवरून तो खडक सुमारे ५४ कोटी वर्षांचा असल्याचे म्हटले व त्यांच्यावर टीकेची झोड उठली. पुढे स्वीडनच्या स्टेफान बेंग्टसन यांच्या गटाने खडकाचे वय तपासले. अवशेष खरे ठरले, वय मात्र १६० कोटी वर्षे निघाले. २०१७ मध्ये त्यांतील तांबड्या शैवलासारख्या एका जीवाला आझमींच्या स्मरणार्थ नव्हे, तर सन्मानार्थ ‘रफतआझ्मिया’ हे नाव देण्यात आले.

वाशीम जिल्ह्यातून वाहणारी पैनगंगा पुढे यवतमाळ-चंद्रपूरकडे जाते तेव्हा ट्रॅपचा प्रदेश मागे टाकून याहून फार जुन्या खडकांत शिरते. तेथील चुनखडक व शेल यांच्या समूहाला भूशास्त्रात या नदीचेच नाव आहे. जमिनीवर एकही झाड नव्हते त्या काळातील हा समुद्राचा गाळ आहे. शेजारच्या लोणारला तर जिवंत प्रयोगशाळाच आहे. त्या विवराच्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात आज सूक्ष्मजीव विपुल आहेत. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते मीठप्रिय सूक्ष्मजीवांमुळे झाल्याचे सांगितले. तळाच्या गाळाचा सुमारे १० मीटर लांबीचा गाभा काढून त्यावरून गेल्या ११,००० वर्षांतील पावसाचा व अवर्षणांचा इतिहासही वाचण्यात आला आहे.

आता गावपातळीवरील व्यवहाराचे. हायड्रोफ्लोरिक आम्ल हाडापर्यंत भाजते, तेव्हा शाळेत त्याचा प्रयोग कदापि करू नये. दगड ओला करून भिंगाने पाहणे, आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकून तो फसफसतो का हे पाहणे, एवढे पुरे. फसफसला तर चुनखडीचा अंश आहे, न फसफसता पोलादी चाकूने ओरखडाही उठला नाही तर चर्ट किंवा गारगोटी असण्याचा संभव आहे. विहीर, शेततळे किंवा खाण खोदताना दोन काळ्या थरांमध्ये असा दगड लागल्यास त्याची जमिनीपासूनची खोली, वरचा व खालचा दगड, गट क्रमांक आणि तारीख यांची नोंद त्याच दिवशी करावी. तिन्ही थरांचा मूठभर तुकडा न धुता कोऱ्या कागदात गुंडाळावा आणि प्रत्येकावर पेन्सिलीने चिठ्ठी लिहावी. धुतल्याने व हाताळल्याने आजचे जीव त्यावर येतात आणि मागे सांगितलेल्या चमकणाऱ्या रंगाची कसोटी निरुपयोगी होते. कोणत्या थरातून आला हे माहीत नसलेला दगड, तो कितीही सुंदर असो, संशोधकाला जवळजवळ निरुपयोगी असतो. ही नोंद जिल्ह्यातील भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकांकडे अथवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाकडे पाठवावी. पाण्याची पातळी लिहिण्यासाठी ग्रामपंचायतीत विहिरींची वही असेल, तर तिच्यातच ‘लागलेले थर’ असा एक रकाना आखून घेता येईल.